नवतप्याआधी मकावच्या पिंजऱ्यात डोकवा

यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, पांढरकवडा. जिल्ह्यात कुठंही तुमच्या घरी मकाव असेल तर हा कागद बाजूला ठेवा आणि आधी त्याची छाती बघून या. वरची पिवळी किंवा लाल पिसं जाऊन खालची राखाडी लव दिसतेय का? लवेच्याही खाली गुलाबी कातडी उघडी पडली आहे का? मांड्यांवरची, पंखांच्या आतल्या बाजूची पिसं विरळ झाली आहेत का? मग डोकं बघा. डोक्यावरची पिसं शाबूत असतील तर पक्षी स्वतःच स्वतःला सोलतोय, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. डोक्यावरचीही गेली असतील तर सोबतचा पक्षी उपटत असेल किंवा पिसं आणि चोच बिघडवणारा विषाणूचा आजार असेल. तसं असेल तर आज-उद्यात डॉक्टर गाठाच.

पिंजऱ्याच्या तळाशी पडलेलं एखादं पीस उचलून उजेडात धरा. ऋतुमानानं गळलेलं पीस अखंड असतं, दांडी टोकापर्यंत स्वच्छ आणि सुकलेली. अशी पिसं दोन्ही बाजूंनी सारखी गळतात आणि टक्कल पडत नाही. उपटलेल्या पिसाची दांडी चावलेली, दुमडलेली असते, कधी बुडाशी रक्ताचा ठिपका असतो. तसं दिसलं तर ‘पिसं बदलतोय’ म्हणून स्वतःची समजूत घालू नका.

घाई एवढ्यासाठी की शिमगा होऊन गेला आहे आणि मेअखेरीस नवतपा लागेल. पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवा कोरडीठाक होते, वीज जाते आणि लग्नसराईत घरचे चार-चार दिवस बाहेरगावी असतात. ॲमेझॉनच्या दमट जंगलातल्या पक्ष्याला यातलं काहीच मानवत नाही. एकदा लागलेली उपटण्याची सवय महिनोन्‌महिने चालली की पिसाचं मूळच मरतं आणि तिथं पुन्हा पीस येत नाही. म्हणून ‘उन्हाळा जाऊ द्या, पाऊस पडला की बघू’ हे धोरण नको.

आता वाटीत काय आहे ते बघू. बहुतेक घरांत उत्तर एकच असतं: सूर्यफुलाचं बी आणि शेंगदाणे, वरून चहात बुडवलेली पोळी, बिस्किट, पाहुणे आले की चिवडा. पक्षी ते आवडीनं खातो, म्हणून घरच्यांना वाटतं की खाण्यात कमी नाही. पण सूर्यफुलाच्या बियांत तेल भरपूर, अ जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच आणि कॅल्शियम फार थोडं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी कोरडी होते, नाका-घशाची आतली त्वचा बिघडते आणि जंतुसंसर्ग वारंवार होतो. जादा तेलानं यकृत सुजतं. कोरडी कातडी खाजते आणि खाज सुटली की पक्ष्याकडं चोचीशिवाय दुसरं साधन नसतं. शेंगदाण्याची आणखी एक भीती आहे. दमट पोत्यातल्या दाण्यांवर बुरशी चढते आणि तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, थेट यकृतावर जातं. दाणे द्यायचेच तर माणसासाठी निवडलेले, बिनमिठाचे आणि मोजके द्या. सरकी आणि ढेप हे त्याचं खाणं नव्हे.

खरं तर त्याचं ताट आपल्या आठवडी बाजारात भरतं. कोहळं, गाजर, रताळं, शेवग्याचा कोवळा पाला, मेथी, सांभार, ढोबळी मिरची. पिवळ्या-नारिंगी भाज्या आणि गडद हिरवा पाला यांतून अ जीवनसत्त्व मिळतं. पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवून धरतो. मोड आलेले मूग, उकडलेली बरबटी, हंगामात तुरीचे उकडलेले दाणे चालतात. राजमा कच्चा कधीच नको. पेरू, पपई, संत्र्याच्या फोडी द्या, पण फळ हे तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. हिरवी मिरची बिनधास्त द्या. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. (या हिशेबानं वऱ्हाडी ठेचा त्याला सहज पचावा, पण ठेच्यातलं मीठ आणि लसूण त्याला चालत नाही.) मकावला इतर पोपटांपेक्षा थोडं जास्त तेल लागतं, म्हणून दिवसाला दोन-तीन बदाम किंवा अक्रोड ठीक. परवडत असेल तर पोपटांसाठी तयार मिळणारे पेलेट्स हा आहाराचा पाया करा. चहा, कॉफी, चॉकलेट, दारू, कांदा, खारट पदार्थ आणि ॲव्होकाडो पूर्ण बंद. ॲव्होकाडो तर पक्ष्याचा जीवच घेतो. दूध त्याला पचत नाही, त्यामुळं दूध-पोळीचे लाडही थांबवा. आपल्या तोंडातला घास त्याच्या चोचीत देणं हा फोटोपुरता प्रेमळ प्रकार आहे. माणसाच्या लाळेतले जंतू त्याला आजारी पाडतात.

मात्र हे वाचून उद्या सकाळी बियांची वाटी एकदम काढून घेऊ नका. बियांवर वाढलेला मकाव नव्या अन्नाला अन्न म्हणून ओळखतच नाही आणि समोर ताट असून उपाशी बसतो. सकाळी भुकेच्या वेळी भाज्या ठेवा, तुम्हीही समोर बसून तीच भाजी खा आणि बिया संध्याकाळी, दर आठवड्याला थोड्या कमी करत द्या. दीड-दोन महिने लागतील. या काळात किचनचा डिजिटल काटा हा तुमचा डॉक्टर. रोज सकाळी, खाण्याआधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. निळा-पिवळा मकाव साधारण एक किलोच्या आसपास भरतो. त्याच्या नेहमीच्या वजनात दहावा हिस्सा घट झाली तर प्रयोग थांबवा आणि डॉक्टरला फोन करा. पक्षी आजार लपवतो, काटा लपवत नाही. चिरलेली भाजी आणि मोडाची कडधान्यं आपल्या उन्हाळ्यात दोन तासांत नासतात, तेवढ्या वेळात वाटी उचला.

खाणं सुधारलं तरी पिसं उपटणं थांबेलच असं नाही. त्यामागं आतड्यातले, यकृताचे, कातडीचे आजार असू शकतात, जस्त किंवा शिशाची विषबाधा असू शकते. आपल्याकडं पिंजरा वेल्डिंगवाल्याकडून जस्ती जाळीचा करून घेतात. मकावची चोच टणक फळांच्या कवट्या फोडण्यासाठी घडलेली आहे. ती दिवसभर जाळी कुरतडते आणि जस्ताचे कण पोटात जातात. नवी चकचकीत जाळी जास्त धोक्याची. स्टेनलेस स्टीलचा पिंजरा महाग पडतो हे खरं, पण पक्ष्यासाठी लाखाच्या घरात पैसे मोजलेल्यांनी पिंजऱ्यापाशी काटकसर करावी याचं नवल वाटतं.

आजार नाही असं डॉक्टरनं सांगितलं तर मग पक्ष्याचा दिवस कसा जातो ते तपासा. रानात हा पक्षी आयुष्यभराच्या जोडीदारासोबत राहतो, अन्नासाठी रोज कित्येक किलोमीटर उडतो, जागेपणीचा बराच वेळ खाणं शोधण्यात आणि फोडण्यात घालवतो. आपल्या हॉलमध्ये त्याला वाटी पुढ्यात मिळते, दोन मिनिटांत पोट भरतं आणि उरलेला दिवस रिकामा. त्या रिकाम्या वेळेत चोच स्वतःच्या अंगाकडं वळते. त्याला काम द्या. बदाम रद्दीच्या कागदात गुंडाळून द्या, मक्याचं कणीस सालासकट टांगा, बांबूच्या नळीत गाजराचे तुकडे कोंबा, पेरूची किंवा निंबाची ताजी फांदी सोलायला द्या. कपाशीची पऱ्हाटी देऊ नका, तिच्यावर हंगामभर फवारणी झालेली असते. कण्हेर विषारी आहे. सुतळी आणि दोऱ्याचे धागे पोटात अडकतात, तेही नकोत. रोज दोन-तीन तास पिंजऱ्याबाहेर, माणसांत. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता. टीव्हीच्या शेजारी पिंजरा ठेवून मध्यरात्रीपर्यंत मालिका बघणाऱ्या घरात पक्षी चिडचिडा होणारच. आणि कुरवाळायचं ते फक्त डोकं आणि मान. पाठीवरून, पंखांखालून हात फिरवला की तो तुम्हाला जोडीदार समजतो, पुढचं सगळं अस्वस्थपण तिथून सुरू होतं.

उघड्या कातडीवर खोबरेल, निंबाचं तेल, हळद, माणसाचं मलम यातलं काहीही लावू नका. तेलानं उरलीसुरली पिसं चिकटतात आणि पक्षी ते सगळं चाटून पोटात घेतो. ओरडू नका, त्याला तेही लक्ष दिल्यासारखंच वाटतं. गळ्यात कॉलर डॉक्टरनं सांगितली तरच. नुकतं फुटलेलं पीस मोडलं तर त्यातून रक्ताची धार लागते. तेव्हा मक्याचं पीठ लावून स्वच्छ कापडानं दाबून धरा आणि डॉक्टरकडं निघा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. पक्ष्याला घाम येत नाही. पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी टाकून तो धापा टाकत असेल तर ती उष्माघाताची सुरुवात आहे. सावलीत आणा, पायांवर आणि पंखांखाली साधं पाणी शिंपडा, बर्फाचं नको. एरवी रोज सकाळी साध्या पाण्याच्या बारीक फवाऱ्यानं आंघोळ घाला. खाज त्यानंही कमी होते. आपला कूलर या पक्ष्याला तसा वरदानच, कारण गारव्यासोबत ओलावाही देतो. पण गेल्या वर्षीच्या ताट्या आणि टाकीतलं शिळं पाणी म्हणजे बुरशीचं घर. शेंगदाण्यावर चढते त्याच घराण्यातली बुरशी इथं श्वासातून पक्ष्याच्या हवेच्या पिशव्यांत शिरते आणि तिथून ती काढणं फार अवघड. ताट्या नव्या बसवा, पाणी रोज बदला, झोत थेट पिंजऱ्यावर सोडू नका. टिनाच्या छताखाली आणि गच्चीवर पिंजरा ठेवणं तर पूर्ण बंद करा.

श्वासाचा विषय निघालाच आहे तर स्वयंपाकघराकडं बघा. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की त्याच्या लेपातून वायू निघतो. माणसाला तो जाणवतही नाही, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतो. डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती, रूम फ्रेशनर यांच्या खोलीत पिंजरा नको. २०१७च्या फवारणीच्या हंगामात या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दगावले, हे आपण विसरलेलो नाही. जे विष धडधाकट माणसाला पुरतं त्यापुढं किलोभर वजनाचा पक्षी काय टिकणार? मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकानं अर्जेंटिनात १९९५-९६ साली हजारो ससाणे मारले होते. वावरातून आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच पक्ष्याला हात लावा. भाजी मिठाच्या पाण्यात भिजवून, साध्या पाण्यानं खळखळून धुऊन द्या.

कायद्याचं थोडक्यात. आपला मिठ्ठू, म्हणजे देशी पोपट, घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. मकाव विदेशी असल्यानं त्याला मोकळं रान आहे हा समज जुना झाला. २०२२ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पिल्लं, मृत्यू आणि हस्तांतरही कळवावं लागतं. आधीपासून पक्षी बाळगणाऱ्यांना दिलेली सहा महिन्यांची मुदत केव्हाच संपली. नोंदणी राहिली असेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन बोला. घाबरून पक्षी आकाशात सोडून देणं ही सर्वांत वाईट वाट. अन्न शोधणं त्याला माहीत नाही, कावळे आणि विजेच्या तारा त्याला पहिल्याच दिवशी गाठतील. सांभाळणं खरंच जमत नसेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा.

ज्यांनी अजून घेतला नाही त्यांना विनंती: घेऊ नका. नीट निगा राहिली तर हा पक्षी पन्नास वर्षं जगतो. तुमच्या मुलांना तो वारशात मिळणार आहे, त्यांना विचारलंय का? मोबाईलवर फोटो बघून आगाऊ पैसे पाठवू नका. ‘हातानं भरवा, जास्त माणसाळतो’ म्हणून स्वतः खाता न येणारं पिल्लू गळ्यात मारलं जातं आणि गरम पेज भरवताना त्याच्या गळ्यातली अन्नाची पिशवी भाजते.

पशुवैद्यकीय दवाखान्याचा १९६२ हा क्रमांक जवळ ठेवा, पहिली मदत तिथून मिळेल. पण तालुक्याच्या डॉक्टरांचा हात गाई-बैलांवर बसलेला असतो. पिसं उपटणाऱ्या पक्ष्यासाठी नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था, यांपैकी जवळ पडेल तिथं आधी फोन करून, पक्ष्यांचे डॉक्टर कधी असतात ते विचारून निघा. पहाटे पाचला निघालात तर ऊन चढायच्या आत नागपूर येतं. पिंजऱ्यात पाण्याच्या भांड्याऐवजी काकडीचे काप ठेवा, सांडत नाहीत. आदल्या रात्री तळाला कोरा कागद अंथरा आणि सकाळची ताजी विष्ठा कागदासकट सोबत न्या. तिच्यातला पांढरा भाग हिरवा किंवा पिवळा झाला असेल तर डॉक्टरला ते पहिल्यांदा सांगा. चार-पाच उपटलेली पिसं, वजनाचं कॅलेंडर, वाटीचा आणि पिंजऱ्याच्या जाळीचा फोटोही घ्या. गाडीत एसी असेल तर झोत पिंजऱ्यावर नको, आणि चहासाठी थांबलात तर पक्ष्याला बंद गाडीत ठेवून उतरू नका.