न्यायालय मोबाईलवर आले, पण रिचार्जचे काय?

न्यायालयाचे कामकाज आता मोबाईलच्या पडद्यावर आले आहे. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई' या खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे साक्ष नोंदविण्यास मान्यता दिली. मार्च २०२० पासून कोरोनाच्या काळात सुनावण्याच व्हिडिओवर होऊ लागल्या. १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने फौजदारी खटलाही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालविण्याची मुभा दिली. गोरगरीब पक्षकाराचे एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी वाचत असेल, तर या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्या पक्षकाराच्या हातातला मोबाईल प्रीपेड आहे, याचा विचार कोणी केला?

प्रीपेडचा हिशोब साधा आहे. अनेक प्लॅनचा 'महिना' २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. त्यात जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढविले. रोजच्या डेटाची मर्यादा दीड जीबी असेल आणि ती संपली, तर वेग सहसा ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगावर लेखी निरोप जाईल, व्हिडिओ कॉल चालणार नाही. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण अर्धा ते दीड जीबी डेटा लागू शकतो.

युक्तिवाद पाच-दहा मिनिटांत संपतोही, पण बोर्डावरचा आपला नंबर केव्हा पुकारला जाईल याचा नेम नसतो. पक्षकार सकाळपासून लिंक उघडून बसतो. दुपारी नंबर लागतो तेव्हा डेटा संपलेला असतो! ज्याच्या घरात वायफाय आहे त्याला ही चिंता नाही. कायद्यापुढे समान असलेले दोन नागरिक रिचार्जपुढे असमान ठरतात, ही कसली समता?

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सुविधा मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. आर्थिक दुर्बलतेमुळे कोणालाही न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, असे कलम ३९क बजावते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमाती व कोठडीतील व्यक्तींना मोफत वकील मिळतो. मग वकील मोफत आणि न्यायाधीशांपुढे उभे राहण्याचा डेटा मात्र विकत, हे कसे?

ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातून प्रत्येक तालुका न्यायालयात पक्षकारासाठी कॅमेऱ्याची खोली असावी. सुनावणीची अंदाजे वेळ मोबाईलवर कळवावी. विधी साहाय्यात डेटाचा खर्च धरावा. आणि कॉल तुटला म्हणून कोणालाही गैरहजर मानू नये. आधी साधा फोन लावावा.

तोपर्यंत आपणही जागरूक राहिले पाहिजे. तारखेच्या आदल्या दिवशी रिचार्जची मुदत तपासा. सुनावणी होईपर्यंत इतर व्हिडिओ बंद ठेवा. कॉल तुटला तर ताबडतोब वकिलाला कळवा आणि ती बाब लेखी अर्जाने रेकॉर्डवर आणा. तालुका विधी सेवा समितीकडे साहाय्य मागा. ती कोणाची मेहरबानी नाही, तो आपला कायदेशीर हक्क आहे.