लोण्यासारखं स्क्रोलिंग

“वहिनी, बघा तरी, कसं लोण्यासारखं सरकतंय!” वन्संनी कौतुकानं रील्स दाखवल्या. अहो, तोच तर घात! व्हॉट्सअ‍ॅपवर निदान शेवटचा निरोप वाचला की बोट थांबतं. इन्स्टाग्रामच्या रील्सना तळच नाही. एक संपायच्या आत दुसरी तयार. पूर्वी पान संपलं की ‘पुढे’ दाबावं लागे, तेवढ्यात गॅसवरची भाजी आठवायची. २००६ मध्ये अझा रास्किन यांनी हे न संपणारं स्क्रोलिंग रचलं. पुढे त्यांनाच पस्तावा झाला. आपलं सामायिक ४८ मिनिटांचं. तिथं आपण दहादा घड्याळाकडे बघतो (मीसुद्धा!), रील्समध्ये एकदाही नाही. मला अडखळणारं अ‍ॅपच हवं. वन्सं माझ्या रखडणाऱ्या जुन्या फोनला हसतात. हसू देत.