खरा अशोक

शहरातील एखाद्या शाळेच्या वा कचेरीच्या आवारात गेल्यास कुंपणाच्या कडेने सरळसोट वाढलेल्या, हिरव्या मनोऱ्यांसारख्या झाडांची रांग हमखास दृष्टीस पडते. हे कोणते झाड, असे मुलाने विचारले की आपण निःशंकपणे सांगतो : अशोक. आणि रात्री सीतेची कथा सांगताना तिला याच झाडाखाली बसवितो. त्याला धड सावलीदेखील नाही, हे आपल्या ध्यानी येत नाही!

वस्तुतः हे झाड म्हणजे आसुपालव, किंवा खोटा अशोक. तो सीताफळाच्या कुलातला. त्याची पाने साधी, लांबट व कडेला लाटांसारखी मुरडलेली असतात. फुले फिकट हिरवी, सहा पाकळ्यांची आणि पानांत सहज लपून जाणारी. त्याची जांभळट काळी फळे वटवाघळांना फार प्रिय. झाड वाईट मुळीच नाही. नाव मात्र दुसऱ्याचे लावून बसले आहे.

खरा अशोक, ज्याला आपण सीता अशोक म्हणतो, तो शिंबावंत कुलातला, चिंचेचा नातलग. उंची साधारण सहा ते नऊ मीटर, फांद्या चोहोंकडे पसरलेल्या, सावली दाट. त्याचे पान संयुक्त असून एका देठावर पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस, मऊ व लुळी असते आणि ओल्या वस्त्राप्रमाणे फांदीवरून खाली लोंबते. पुढे ती हिरवी व ताठ होते. नवख्या माणसास झाड सुकले की काय अशी शंका यावी!

फुलांचा मुख्य बहर फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. भरगच्च गुच्छ जुन्या फांद्यांवर, कधी थेट बुंध्यावरही उमलतात. फूल प्रथम पिवळसर नारिंगी असते व मागाहून लाल होत जाते, त्यामुळे एकाच गुच्छात अनेक छटा दिसतात. नवल असे की या फुलाला पाकळ्या नसतात. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ते पुष्पकोशाचे चार रंगीत भाग होत. त्यांच्याखाली आणखी दोन रंगीत छदके असतात, आणि मधून बहुधा सात-आठ लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. सुंदरीच्या पदस्पर्शाने अशोक फुलतो, हा कविसंकेत ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात कालिदासाने वापरला आहे. पाय लागेल अशा बुंध्याशीच फुले येतात, म्हणून तर ही कल्पना सुचली नसेल ना, असे मला आपले वाटते.

नावाचा घोटाळा शास्त्रज्ञांनाही चुकला नाही. रॉक्सबर्ग यांनी १७९५ साली सर विल्यम जोन्स यांच्या स्मरणार्थ या वृक्षास ‘जोनेशिया असोका’ असे नाव दिले. पुढे लिनीअसचे ‘सराका इंडिका’ हे जुने नाव त्यासाठी रूढ झाले. परंतु ते नाव आग्नेय आशियातील वेगळ्याच जातीचे आहे, असे १९६० नंतरच्या दशकात द विल्ड या डच शास्त्रज्ञांनी दाखविले. तेव्हापासून आपला वृक्ष ‘सराका असोका’ झाला.

ओडिशाने हेच फूल राज्यपुष्प मानले आहे. बंगालमध्ये चैत्रातील अशोकषष्ठीस स्त्रिया याच्या कळ्या सेवन करतात. सह्याद्रीच्या सदाहरित रानांत, ओढ्यांच्या काठी तो आपोआप वाढतो. पण त्याची साल स्त्रीरोगांवरील औषधांत, विशेषतः अशोकारिष्टात, वापरतात. बुंध्याची साल सभोवार काढली की झाड वाळते. १९९८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने याची गणना धोक्यात आलेल्या जातींत केली. साल दुर्मीळ झाल्याने बाजारात आसुपालवाची साल तिच्या नावाने खपते. म्हणजे नावाची ही चूक केवळ रस्त्याकडेला थांबत नाही, औषधाच्या बाटलीतही शिरते.

ज्यांच्या अंगणात ओल व थोडी सावली आहे, त्यांनी हा वृक्ष अवश्य लावावा. पावसाळ्याच्या तोंडी पिकलेल्या शेंगांतील ताजे बी लगेच पेरावे. साठविलेले बी लवकर निर्जीव होते. रोप विकत घ्यावयाचे असल्यास नुसते ‘अशोक’ मागू नये, ‘सीता अशोक’ म्हणावे. तरीही पैसे देण्यापूर्वी एकेका देठावर पर्णिकांच्या जोड्या आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.