वाकलेल्या चाकावर घरचा हातोडा नको

कोल्हापुरात पावसाळा ओसरू लागला की गाड्यांच्या चाकांची दुखणी वर येतात. सातारा-कागल महामार्गाच्या सहापदरीकरणातले वळणरस्ते, पाण्याखाली लपलेले खड्डे, गगनबावड्याच्या वाटेवर डांबराची तुटलेली कड, गावागावांतले रंग न मारलेले गतिरोधक. एखाद्या दणक्यात अलॉय व्हीलची कड दबते, हवा रोज थोडी उतरते आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू लागते. मग कट्ट्यावर उपायांना तोटा नसतो. "गॅसवर तापीव, लाकडाचा ठोकळा लाव आणि दोन हातोडे घाल, काय हुतंय त्याला!" असे एकजण म्हणतो. "कशाला डोक्याला ताप, शोरूमला दे आणि नवंच घाल," हे दुसऱ्याचे मत. तिसऱ्याला खात्री असते की उद्यमनगरात नेले की विषय संपला, तिथे दुरुस्त होत नाही असे काही नाहीच. तिन्ही मतांत थोडे तथ्य आहे, पण त्यातले एकही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. आणि पहिले मत तर जीवावर बेतणारे आहे, म्हणून त्याचा समाचार आधी.

घरच्या हातोड्याची बाजू पोकळ नाही. लोखंडी रिमच्या जमान्यात ती अनुभवाने सिद्ध झालेली होती. जीपची किंवा अ‍ॅम्बॅसॅडरची रिम दबली की पंक्चरवाला टॉमीने टायर उतरवायचा, ऐरणीवर कड ठोकून सरळ करायचा आणि गाडी पुढे वर्षानुवर्षे चालायची. पोलादी पत्रा लवचिक असतो. तो वाकतो, परत वळतो, तुटण्याआधी बरेच सहन करतो. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांना चाक म्हणजे अखेर धातूचे कडेच वाटले तर नवल नाही.

पण अलॉय चाक हे पत्र्याचे कडे नव्हे. ते बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे कास्टिंग असते. त्या मिश्रधातूत साधारण 7 टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम असते. साच्यातून निघालेल्या या कास्टिंगला पुरेशी ताकद नसते. ती नंतर उष्णता देऊन आणली जाते. चाक 540 अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवतात, झटकन पाण्यात बुडवतात आणि पुन्हा दीडशे-एकशे साठ अंशांवर काही तास ठेवतात. चाकाचा सगळा जोर या क्रमात असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. घरच्या गॅसची ज्योत कडेवर धरली की तो भाग दोनशे अंशांच्या पुढे सहज जातो आणि तिथली ताकद उतरू लागते. पोलाद तापले की लाल होऊन सावध तरी करते. अ‍ॅल्युमिनियम वितळेपर्यंत तांबूस होत नाही. म्हणजे किती तापले हे ना हाताला कळते ना डोळ्याला, आणि झालेले नुकसान घरी भरून काढता येत नाही.

न तापवता ठोकले तर? तेही नको. दणक्याने कड वाकली तेव्हाच त्या धातूची वाकण्याची ऐपत बरीचशी खर्च झालेली असते. त्यावर गार हातोडा पडला की केसाएवढी चीर पडू शकते. त्या दिवशी टायर हवा धरतो, चाक गोल दिसते, मालक खूश होतो. पुढे प्रत्येक फेरीगणिक ती चीर थोडी थोडी सरकत राहते.

शिवाय गोल दिसणे आणि गोल असणे यांतले अंतर घरी मोजायचे कशाने? चौदा इंची रिमच्या कडेवर 20 ग्रॅमचा तोल चुकला, तर ताशी 100 किलोमीटर वेगाला त्या चाकावर सुमारे सव्वातीन किलो वजनाइतका जोर बाहेरच्या दिशेने ओढत फिरतो, तोही सेकंदाला पंधरा वेळा. हे गणित कोणीही करून पाहावे. बेअरिंग, टाय रॉड आणि टायर सगळेच त्यात झिजतात. आणि ठोकून बसवलेल्या चाकात मुख्य दोष असतो तो आकाराचा, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत चाक 'आउट' असते. आउट चाकाला शिशाचे वजन लावून तोल साधता येईल, त्याचे उडणे थांबणार नाही.

इथे कोल्हापूरकर बाबूराव पेंटरांचे नाव काढतात. 1918 मध्ये त्यांनी दामल्यांना हाताशी धरून याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला, मग आम्हाला एक चाक सरळ करता येऊ नये? त्या कॅमेऱ्याचा मलाही अभिमान आहे. पण त्यातून हा निष्कर्ष निघत नाही. बाबूरावांनी खपून, पुन्हा पुन्हा पारखून यंत्र उभे केले. चुकले असते तर फिल्म वाया गेली असती. करूळ घाटाच्या उतारावर चाकाचा आरा तुटला तर आतली माणसे जातात, आणि समोरून येणारी, ज्यांना आपल्या काटकसरीशी काही देणेघेणे नव्हते, तीही जातात. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या यंत्रकारागिरांपासून या शहराने यंत्रविद्येचा जो वारसा जपला, तो मापाचा आणि कसोटीचा वारसा आहे. अंदाजाने ठोकण्याला त्याचे नाव देऊ नये.

आता दुसरे मत. काहीही झाले तरी नवेच घाला, घरी हातच लावू नका. यात सुरक्षितता आहे खरी, पण सरसकट लागू केले की ते निव्वळ खर्चिक होते. रंकाळ्याच्या कडेला गाडी लावताना फुटपाथला घासून चाकावर पडलेला ओरखडा हा रंगाचा प्रश्न आहे, ताकदीचा नव्हे. त्यासाठी चाक बदलायला सांगणारा सल्लागार गिऱ्हाईकाच्या अज्ञानावर जगतो. रंगवलेल्या चाकावरचा असा उथळ ओरखडा घरी बेलाशक बुजवावा. चाक साबणाने धुवावे, ब्रेकची काळी भुकटी पूर्ण काढावी, टायरच्या कडेला मास्किंग टेप लावावी. आधी जाड, मग बारीक वॉटर पेपरने ओरखड्याची धार मारावी. गरज असेल तिथे पुट्टीचा पातळ हात, ती वाळल्यावर पुन्हा घासणे, मग प्रायमर, रंग आणि वर लॅकर, प्रत्येक थर पातळ आणि पुढच्याआधी वाळू दिलेला. सुट्टीच्या एका दिवसाचे काम आहे, आणि नीट केले तर चार हात लांबून कळतही नाही. अपवाद डायमंड कट चाकांचा. त्यांचा चकचकीत चेहरा लेथवर धातू छिलून काढलेला असतो. त्यावर कागद फिरवला तर ती चमक घरी परत येत नाही.

अशा कामासाठी चाक काढताना सपाट जागा, हँडब्रेक आणि दुसऱ्या चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा, एवढे पाळलेच पाहिजे. नट परत आवळताना पान्यावर उभे राहून उड्या मारणारे लोक मी पाहिले आहेत. ते पाहवत नाही. किती आवळायचे याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो आणि टॉर्कचा पाना आता बाजारात सहज मिळतो.

राहिले तिसरे मत, आणि त्यावर टीका करताना मला सर्वांत जपून बोलावेसे वाटते, कारण उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या कारागिरांइतका धातू जाणणारा माणूस महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही. पण इथल्या फाउंड्रींचे मुख्य ज्ञान बिडाच्या कास्टिंगचे. अ‍ॅल्युमिनियमचे चाक ही वेगळी जात आहे. ज्याच्या दारावर पाटी आहे तो प्रत्येकजण या कामातला जाणकार असेलच असे नाही. गॅस कटरची ज्योत मारून घणाने चाक सरळ करणारा दुकानदार आणि घरचा हातोडेवाला यांच्यात फरक फक्त पावतीचा. म्हणून मी पाटीकडे पाहत नाही, डायल गेजकडे पाहतो. चांगल्या ठिकाणी चाक स्पिंडलवर चढवतात, गेजचा काटा कडेला टेकवतात आणि चाक हाताने सावकाश फिरवतात. काटा कुठे किती उडतो ते खडूने रिमवरच लिहितात. मग हायड्रॉलिक दाब हळूहळू देत, तापमान मोजून बेताची ऊब देत कड मागे आणतात आणि पुन्हा काटा लावतात. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा गिऱ्हाईकाला दाखवायला ज्याची तयारी नाही, त्याच्या हाती चाक देऊ नये.

तापमानाचा प्रश्न पावडर कोटिंगबाबतही विचारायला हवा. ती भट्टी 180 ते 200 अंशांवर चालते. चाक त्यात रेंगाळले किंवा दर दोन वर्षांनी रंग बदलायच्या हौसेने पुन्हा पुन्हा घातले, तर तीच ताकद पुन्हा उतरू शकते. आर्गन वेल्डिंगची गोष्ट आणखी गंभीर. वेल्डिंगचा टाका कितीही देखणा असो, त्याच्या दोन्ही बाजूंचा धातू मऊ पडलेला असतो. जर्मनीत अलॉय चाक तापवून, परत वळवून किंवा वेल्डिंग भरून वापरणे वाहनतपासणीला मान्य नाही, वरवरची रंगसफाई तेवढी चालते. आपल्याकडे एवढे कडक होता आले नाही, तरी एक रेघ ठाम असावी. आऱ्याला, नटांच्या भोकांजवळ किंवा मधल्या भागाला तडा गेला असेल, तर ते चाक कोणीच दुरुस्त करू नये, जगातला उत्तम वेल्डर असला तरी.

तडा आहे की नाही हे मात्र घरी पाहता येते, आणि घरच्या माणसाने खरे कौशल्य इथे लावावे. त्यासाठी कास्टिंगवाल्यांची एक जुनी रीत आहे. संशयाची जागा स्वच्छ करून कोरडी करायची, तिथे रॉकेल लावायचे, ते मुरू द्यायचे आणि फडक्याने पूर्ण पुसून काढायचे. मग वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओली, काळसर, बारीक रेघ उमटते. हवा उतरत असेल तर साबणाचे पाणी कडेवर आणि आतल्या बाजूलाही ओतून बुडबुडे पाहावेत. खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आतल्या कडेला बसतो, आणि बाहेरून चाक धडधाकट दिसत असल्यामुळे तिकडे कोणी वाकून बघत नाही. रेघ दिसली नाही म्हणून चाक निर्दोष ठरत नाही. दिसली तर मात्र निकाल लागला.

असे बाद चाक भंगारात टाकतानाही एक काम उरते. अखंड चाक भंगारवाल्याकडून रंग मारून सेकंड-हँड बाजारात जाऊ शकते आणि कमी पैशांत स्टेपनी शोधणाऱ्या एखाद्या टॅक्सीवाल्याच्या गाडीखाली बसू शकते. आरीने त्याची कड दोन ठिकाणी आरपार कापावी आणि मगच ते वजनावर द्यावे.