पार्ट लोडने माल पाठवताय? आधी बिल्टी नीट वाचा

घरगुती उद्योग आता गल्लीपुरता राहिलेला नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला की इंदूर, बडोदा, हैदराबादहूनही ऑर्डर येते. अडतं ते माल पोचवताना. दोन-चार किलोचं पार्सल कुरिअरने जातं, पण माल शंभर-दोनशे किलो असेल तर कुरिअर परवडत नाही आणि अख्खा ट्रक करायला तेवढा माल नसतो. अशा वेळी कामाला येतो पार्ट लोड. म्हणजे एकाच ट्रकमध्ये अनेकांचा माल, आणि ज्याने त्याने आपल्या मालापुरतं भाडं द्यायचं.

समजा, सोलापुरात तुमचा चादरींचा छोटा कारखाना आहे. इंदूरच्या दुकानदाराला १५० चादरी हव्यात. प्रत्येकी ३०० रुपयांप्रमाणे माल झाला ४५,००० रुपयांचा आणि वजन भरलं १८० किलो. ट्रान्सपोर्टवाल्याने किलोला ८ रुपये सांगितले, तर भाडं १,४४० रुपये. एका चादरीमागे दहा रुपयांपेक्षाही कमी! म्हणूनच छोट्या व्यावसायिकांना पार्ट लोड सोयीचा वाटतो. पण हे स्वस्त भाडं महागात पडू नये यासाठी काही गोष्टी माहीत हव्यात.

माल जातो कसा?

तुमच्या गाठी आधी टेम्पोने ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये जातात. तिथे त्या त्या दिशेचा माल वेगळा काढतात. ट्रक भरला की तो निघतो. वाटेत एखाद्या मोठ्या गोडाऊनमध्ये माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवला जातो. शेवटी पुन्हा टेम्पो आणि मग दुकान. म्हणजे एकच गाठ बऱ्याच वेळा उचलली आणि ठेवली जाते. म्हणून पार्ट लोडला वेळ जास्त लागतो आणि पॅकिंगही भक्कम लागतं. तुमच्या चादरींशेजारी तेलाचे डबे असतील की मसाल्याची पोती, हे तुमच्या हातात नसतं. गाठीच्या आत प्लास्टिकचं अस्तर घाला. प्रत्येक नगावर दोन बाजूंना नाव, गाव, फोन आणि ‘६ पैकी १’, ‘६ पैकी २’ असा क्रमांक लिहा.

वजन फक्त काट्यावरचं नसतं

उशा, खेळणी, बांबूच्या टोपल्या असा माल हलका असतो, पण जागा खातो. त्यासाठी आकारावरून वजन काढतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ठरलेल्या आकड्याने भागायचं. समजा खोकं ६० × ४५ × ४० सेंटिमीटरचं आहे आणि भाजक ५,००० आहे, तर वजन धरलं जाईल २१.६ किलो. काट्यावर ते ९ किलो भरलं तरी भाडं २१.६ किलोचंच. हा भाजक प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून दर विचारताना तोही विचारा. खोकं मालाच्या मापाचंच घ्या. रिकाम्या जागेचंही भाडं पडतं.

दर ठरवताना हमाली, बिल्टीचा खर्च आणि घरपोच डिलिव्हरी त्यात धरली आहे का, तेही स्पष्ट करून घ्या. भाडं तुम्ही देणार (पेड) की घेणारा देणार (टू-पे), हे ग्राहकाशी आधीच ठरवा. माल गोडाऊनमधून उचलायचा असेल तर किती दिवस फुकट ठेवतात आणि नंतर डेमरेज किती लागतं, हेही विचारून ठेवा.

कागद अपुरे, तर सगळ्यांचाच खोळंबा

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की साधारणपणे ई-वे बिल लागतं. आपल्या उदाहरणातला माल ४५,०००चा आहे, म्हणून सुटला. पुढच्या वेळी ऑर्डर २०० चादरींची आली की मात्र लागेल. या बिलाची मुदत साधारण दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. ट्रक सामाईक असल्यामुळे एकाचे कागद अपुरे असले तरी गाडी थांबते आणि बाकीच्यांचा मालही अडकतो. बिलावर माल आणि किंमत खरीच लिहा.

माल हरवला तर?

सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी २००७चा कायदा आणि त्याखालचे २०११चे नियम आहेत. त्यानुसार माल हरवला किंवा खराब झाला तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते, तीही लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. म्हणजे १,४४० रुपये भाडं असेल तर जास्तीत जास्त १४,४०० रुपये. माल गेला ४५,०००चा, हातात आले १४,४००. उरलेले ३०,६०० रुपये तुमच्या भांडवलातून गेले. छोट्या धंद्याला एवढा एक फटकाही जड जातो.

यावर दोन उपाय आहेत. एक, बुकिंगच्या वेळीच जास्त जोखमीचा दर भरायचा, म्हणजे जबाबदारीही वाढते. दुसरा, मालाचा प्रवास विमा काढायचा. माल ट्रकने जात असला तरी विमावाले या पॉलिसीला ‘मरीन’च म्हणतात, त्यामुळे गोंधळू नका. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ विचारल्याशिवाय सही करू नका.

माल घेणाऱ्यालाही सांगून ठेवा: आधी नग मोजा, गाठ फाटली-भिजली असेल तर फोटो काढा आणि पोच पावतीवर तसा शेरा लिहून मगच सही करा. कोऱ्या सहीचा अर्थ ‘माल व्यवस्थित मिळाला’ असाच घेतला जातो. नुकसान झालंच तर फोनवरच्या आश्वासनांवर थांबू नका. कोर्टात जायची वेळ आली, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिलेली असावी लागते.

बुकिंगआधी पाच गोष्टी तपासा

- बिल्टीवर नगांची संख्या, वजन आणि किंमत बरोबर आहे का?
- जोखीम कोणाची, ते लिहिलं आहे का?
- भाड्यात काय धरलं आहे आणि काय नाही?
- ई-वे बिल लागतं का?
- पॅक केलेल्या मालाचे फोटो काढले का?

दिवाळीआधी गोडाऊनं तुडुंब भरतात, तेव्हा सणाचा माल नेहमीपेक्षा आठवडाभर तरी आधी बुक करा. नवीन ट्रान्सपोर्टकडे पहिल्यांदा थोडाच माल देऊन पाहा. वेळेवर आणि नीट पोचला, तर पुढची मोठी ऑर्डर निश्चिंतपणे द्या.