चानीचे सोनेरी केस

कणकवली : इंग्रज पुरुषापासून कोकणातील एका खेडवळ स्त्रीच्या पोटी जन्मास आलेली आणि गोऱ्या वर्णापायी, सोनेरी केसांपायी गावाने दूर लोटलेली मुलगी चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘चानी’ या कादंबरीत उभी केली, व 1977 साली व्ही. शांताराम यांनी तिला पडद्यावर आणले, तेव्हापासून मिश्र वंशाच्या माणसाचे चित्रण कसे करावे हा प्रश्न आम्हा सिंधुदुर्गवासीयांना परका राहिलेला नाही. बागलांच्या राईत जन्मलेला आणि ऐन उमेदीत कुडाळात खानावळ चालविलेला हा लेखक गावाची जीभ ओळखून होता. गुन्हा परक्या पुरुषाचा आणि सजा निरपराध लेकराला, हा गावकीचा न्याय त्याने कोणाचाही मुलाहिजा न राखता चव्हाट्यावर मांडला.

परंतु याच कोकणात चित्पावनांच्या घरी गोरा वर्ण व घारे डोळे असले, की ते कुलाचे भूषण ठरते, सोयरीक जुळविताना आवर्जून सांगितले जाते. तेच रूप चानीच्या वाट्यास आले, की पापाचा दाखला होते. म्हणजे वावडे आहे ते गावच्या दप्तरात बापाच्या नावाची जागा कोरी असण्याचे. राज्यघटनेच्या 366व्या कलमातील अँग्लो-इंडियनची व्याख्यासुद्धा युरोपीय वंश पित्याकडूनच मोजते. आईकडून आलेला वंश तीत धरला जात नाही.

म्हणूनच केवळ अनुकंपेने लेखकाचे कर्तव्य पुरे होते, असे मला वाटत नाही. चित्रपटात अभिनेत्री रंजनाने रंगविलेल्या चानीचे सोनेरी केस प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे राहतात आणि तिच्या आईवर काय गुदरले ते मागे पडते, याची मला मनापासून खंत वाटते. मिश्र वंशाचे पात्र रूपाचे नवल किंवा करुणेचे निमित्त एवढेच होऊन राहिले, तर त्याला वाळीत टाकणारा गावकरी आणि त्याच्याकडे टक लावून पाहणारा रसिक यांत फारसे अंतर उरत नाही. अशा पात्राला भूक, हट्ट, रुसवा, स्वतःच्या आईविषयीचे स्वतःचे मत, हे सारे लाभले पाहिजे.

आता चतुर्थीला चाकरमान्यांबरोबर परदेशी आईचे वा बापाचे एखादे मूल कणकवली स्थानकावर उतरले, तर त्याच्या केसांना हात लावून ‘ह्यां कोणाचां?’ असे कोणी विचारू नये; त्याला त्याचे नाव विचारावे.