निकाहाच्या बैठकीत गोळीचंही बोला

बजाजनगरातून वाळूजच्या कंपन्यांत जाणाऱ्या दोस्तांनो, निकाह ठरला की हॉल, बिर्याणी, कपाट यांवर तासन्‌तास बैठका. फोलिक अ‍ॅसिडचं नाव कुणी काढत नाही. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. सातव्या महिन्यात सतवाशाचा थाट करून ती वेळ परत येत नाही. रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासूनच हवी.

आणि सगळ्यांची ताटं उचलल्यावर सून जेवते, याला तहजीब म्हणणं थांबवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांत रक्त कमी आढळलं. अंगणवाडीतला मोफत आहार २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिच्या हक्काचा आहे. भाडेकरू म्हणून टाळलं, तर तिला एकटीला पाठवू नका. सुट्टी टाकून सोबत जा.